बिंदुमाधवराव फिल्टर बदलतात

माणूस आणि यंत्र यांच्यातलं नातं शेवटी विश्वासाचं असतं. बिंदुमाधवरावांचं आपल्या गाडीशी अकरा वर्षं असंच विश्वासाचं नातं होतं. म्हणजे या अकरा वर्षांत त्यांनी एकदाही बॉनेट उघडून पाहिलं नव्हतं. ते उघडायचा खटका कुठे असतो याविषयी त्यांची एक सर्वसाधारण कल्पना होती. त्या कल्पनेप्रमाणे त्यांनी खटका ओढला तेव्हा पेट्रोलचं झाकण उघडलं.

बिंदुमाधवराव बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपांच्या कारखान्यात डॉक्युमेंटेशनचे डेप्युटी मॅनेजर होते. कुठला बोल्ट कोणी, कधी, किती आवळायचा याच्या लेखी कार्यपद्धती तयार करणं हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांत त्यांनी अशा चारशेच्या वर कार्यपद्धती लिहिल्या आणि पाना एकदाही हातात धरला नाही. यात काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. वाटलं असतं ते फक्त त्यांच्या सासऱ्यांना.

सासरे म्हणजे आप्पाजी. बेळगावच्या बस डेपोत अडतीस वर्षं हेड मेकॅनिक होते, आता एक्याऐंशी वर्षांचे, आणि दसऱ्यासाठी लेकीकडे बेंगळुरूला आले होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी जावयाच्या गाडीतून फुलं आणायला गेले. एका सिग्नलला गाडी नऊ मिनिटं उभी होती. तेवढ्या वेळात आप्पाजींनी इंजिनाचा आवाज ऐकून घेतला आणि विचारलं, ऑइल फिल्टर कधी बदललात? बिंदुमाधवराव म्हणाले, ते सर्व्हिस सेंटरवाले बदलतात.

"होय काय," आप्पाजी म्हणाले.

आप्पाजींच्या 'होय काय'ला प्रश्नचिन्ह नसे. लग्न ठरवताना मुलाची नोकरी डॉक्युमेंटेशनमध्ये आहे हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले होते. त्यानंतर घराला रंग देताना, नळाचा वायसर बदलायला प्लंबर बोलावताना, पंख्याची कॅप खाली घसरली म्हणून इलेक्ट्रिशियनला फोन लावताना, दर वेळी सासऱ्यांचा मुक्काम जमून आलेला असे आणि दर वेळी ते तेवढंच म्हणत. पंचवीस वर्षांची ही शिल्लक होती.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर दसऱ्यापर्यंत सगळ्या वेळा भरलेल्या. तेव्हा आयुधपूजेच्या आदल्या दिवशी सकाळी बिंदुमाधवरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि जाहीर केलं की फिल्टर ते स्वतः बदलणार आहेत, आजच.

त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी डोशावरून नजर काढली नाही. "अहो, उद्या अकराला पूजा आहे. गाडी लिंबांवरून गेली पाहिजे."

हे सांगायची गरज नव्हती. आयुधपूजेला, म्हणजे नवमीला, बिल्डिंगमधली बेचाळीसच्या बेचाळीस वाहनं बेसमेंटमध्ये धुऊनपुसून, झेंडू आणि केळीची रोपं बांधून उभी राहत. प्रत्येक चाकाखाली लिंबू. गुरुजींनी सांगितलं की एकेक गाडी लिंबं चिरडत पुढे जाणार आणि सगळी बिऱ्हाडं टाळ्या वाजवणार. एखादी गाडी जागची हललीच नाही, असं या बिल्डिंगमध्ये घडलेलं नव्हतं.

"होय काय," आप्पाजी म्हणाले, आणि त्यांनी आपली खुर्ची बेसमेंटमध्ये न्यायला सांगितली.

बिंदुमाधवरावांची काम समजून घ्यायची एकच रीत होती, ती म्हणजे त्याची कार्यपद्धती लिहिणं. त्यांनी तीन व्हिडिओ पाहिले आणि चौदा पायऱ्यांचा कागद तयार केला. फिल्टर त्यांना पूर्ण समजला. इंजिनात तेल फिरत राहतं, फिरता फिरता कचरा गोळा करतं. तो कचरा अडवायला पत्र्याचा एक डबा, त्याच्या आत घड्या घातलेला कागद, आणि इंजिनाला जिथे टेकतो तिथे तेल बाहेर येऊ नये म्हणून रबराची एक चकती. डबा बाटलीच्या झाकणासारखा फिरवून काढायचा आणि फिरवून बसवायचा. थोडक्यात, चहाची गाळणी. फक्त कोंडून ठेवलेली. सातवी पायरी त्यांनी लिहिली : 'जुना फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढावा.' तिच्यासमोर वेळ लिहिली, दोन मिनिटं.

फिल्टर आणायला ते जे. सी. रोडला गेले. दुकानदाराला त्यांनी मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला. तो समोरून काढलेला होता आणि त्यात कमलाबाई दारापाशी उभ्या होत्या. दुकानदारानं तो बराच वेळ पाहिला, मग पेट्रोल की डिझेल, कुठल्या सालची, एवढं विचारून फिल्टर, तेलाचा चार लिटरचा डबा आणि खालच्या बोल्टाचा वायसर काउंटरवर ठेवला. कोण बदलणार आहे, असं त्यानं कानडीतून विचारलं. बिंदुमाधवरावांनी स्वतःकडे बोट दाखवलं.

"स्वल्प कष्ट, सार," म्हणजे थोडं अवघड आहे, असं दुकानदार म्हणाला, आणि त्यानं न मागता रबरी हातमोज्यांची एक जोडी पिशवीत टाकली.

परत येऊन त्यांनी गाडीची पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली तोच बिल्डिंगचे सेक्रेटरी गुरुराज तिथे आले. गुरुराज सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. बेसमेंटमध्ये वाहनदुरुस्तीला मनाई आहे, हे त्यांनी खेदपूर्वक निदर्शनास आणलं. बिंदुमाधवरावांनी तितक्याच खेदपूर्वक सांगितलं की ही दुरुस्ती नसून देखभाल आहे. गुरुराजांना हा फरक आवडला. देखभालीसाठी वेगळा फॉर्म होता. त्यावर डाव्या आणि उजव्या जागेच्या मालकांची संमती लागत असे.

वास्तविक इथे एखाद्यानं आवाज चढवला असता. बिंदुमाधवरावांनी फॉर्म हातात घेतला आणि त्यांना बरं वाटलं. चांगला फॉर्म होता. फक्त त्यावर आवृत्ती क्रमांक नव्हता, तो घालायला हवा असं त्यांनी सुचवलं, आणि गुरुराजांनी ते वहीत टिपून घेतलं. डावीकडची जागा तिसऱ्या मजल्यावरच्या नागराजची. तो एचएसआर लेआउटमधल्या कुठल्याशा कंपनीत होता आणि सुट्टीमुळे घरीच होता. त्यानं सही केली आणि गंमत बघायला थांबलाही. उजवीकडची जागा ऋतुराज नावाच्या गृहस्थांची. ते तीन वर्षं टेक्सासमध्ये होते आणि इथे त्यांची गाडी गोधडीसारख्या कव्हराखाली झोपलेली होती. त्यांना मेसेज गेला. पाऊण तासानं उत्तर आलं, नुसता वर केलेला अंगठा. हा अंगठा सही म्हणून धरावा काय, यावर गुरुराजांनी विचार केला. सरकार अंगठा घेतं, हे त्यांना आठवलं. त्यांनी स्क्रीनचा फोटो काढून तो फॉर्मला जोडला आणि परवानगी दिली. दुपारचे दोन वाजले होते.

पहिल्या सहा पायऱ्या सुरळीत पार पडल्या. खालचा बोल्ट सुटला, काळं तेल धारेनं इडलीच्या पिठाच्या जुन्या टबात उतरलं. बोल्ट परत बसला. आता गाडीत तेल नव्हतं, त्यामुळे ती चालू करता येण्यासारखी नव्हती. म्हणजे परतीचा रस्ता बंद झाला होता; पण ही गोष्ट त्या क्षणी फक्त खुर्चीत बसलेल्या आप्पाजींच्या लक्षात आली.

सातव्या पायरीला फिल्टर हलेना. तो इंजिनाच्या कडेला खाली तोंड करून लटकलेला होता आणि बिंदुमाधवराव बॉनेटमधून वाकून वरून हात घालत होते. हातमोजे घालून झाले, काढून झाले. नागराज म्हणाला, अंकल, पॉलिश पेपर गुंडाळा. तो गुंडाळला. गुरुराज म्हणाले, त्यांच्या खात्याच्या जीपला ड्रायव्हर फिल्टरातून स्क्रूड्रायव्हर आरपार घालून फिरवत असे. त्या जीपचं पुढे काय झालं, असं विचारल्यावर ती लिलावात गेल्याचं त्यांनी सांगितलं. कमलाबाईंनी लोणच्याच्या बरण्या उघडायचं रबर वरून पाठवलं. मग बिंदुमाधवरावांनी आणि नागराजनं एकावर एक हात ठेवून जोर लावला आणि फिल्टर एकदाचा किंचित फिरला. पुन्हा जोर लावला, पुन्हा किंचित. पण सुटण्याचं चिन्ह दिसेना. असा अर्धा तास गेला.

आप्पाजींनी चहा संपवून कप खाली ठेवला.

"जावईबापू, ते घड्याळ कुठल्या बाजूनं बघालाय तुम्ही?"

बिंदुमाधवराव थांबले. त्यांनी कागद पाहिला. मग ते जमिनीवर आडवे झाले आणि त्यांनी गाडीखालून फिल्टरकडे पाहिलं. खालून पाहिलं की घड्याळाची उलट दिशा एकीकडे होती. वरून पाहिलं की दुसरीकडे. अर्धा तास दोन सुशिक्षित माणसांनी सगळी ताकद लावून फिल्टर घट्ट केला होता. ते उठले, खिशातून पेन काढलं आणि सातव्या पायरीत 'खालून पाहता' असे दोन शब्द घातले. शेजारी तारीख आणि सही केली. चूक कार्यपद्धतीत होती. कार्यपद्धतीतली चूक दुरुस्त करता येते. पण फिल्टर आता कुठल्याच बाजूला हलत नव्हता.

तेव्हा नागराजला आठवलं की त्याच्याकडे फिल्टर खोलायचा साखळीचा पाना आहे. तो आणायला वर गेला आणि वीस मिनिटांनी रिकाम्या हातांनी आला. पाना पूजेत होता.

आयुधपूजेचा नियम सर्वांना माहीत आहे. हत्यारं एकदा पूजेला मांडली की विजयादशमीपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. त्यांनाही वर्षातून एक दिवस सुट्टी. नागराजच्या आईनं, गंगव्वांनी, यंदा सगळं आदल्या दिवशीच मांडून कुंकू लावून टाकलं होतं. दुसरीकडे कुठे चौकशी करावी तर जवळची दोन्ही गॅरेजं हत्यारं मांडून, दाराला केळी बांधून बंद झाली होती. कारखान्यात शंभर पाने होते. त्यांची पूजा काल खुद्द बिंदुमाधवरावांच्या हस्ते झाली होती.

ते स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेले. गंगव्वा विजयपूरकडच्या. कानडी आणि मराठी त्यांच्या एकाच वाक्यात सुखानं नांदत. पाटावर नागराजचा लॅपटॉप, विळी, नारळाची खवणी, ड्रिल मशीन, नातीचा कंपास बॉक्स, आणि मध्यभागी साखळीचा पाना, भाळी कुंकू लावून. बिंदुमाधवरावांनी सगळी परिस्थिती सांगितली. फिल्टर म्हणजे काय हेही सांगितलं, गाळणीच्या उदाहरणासह. गंगव्वांनी ऐकून घेतलं. वाईट त्यांनाही वाटलं. पण ठेवलं म्हणजे ठेवलं. पाटावरची जागा रिकामी ठेवणं बरं नव्हे.

बिंदुमाधवराव निघाले. दारापर्यंत गेले तेव्हा गंगव्वा म्हणाल्या, बदली काही ठेवलंत तर चालेल. आयुधाच्या जागी आयुध. उद्या गुरुजींना मी सांगते.

"चालेल ना," बिंदुमाधवराव म्हणाले.

"मग तुमचं आयुध काय, राव?"

प्रश्न साधा होता. बिंदुमाधवराव उंबऱ्यात उभे राहिले. लॅपटॉप कंपनीचा होता. घरातली पेनं सगळी कुठल्या ना कुठल्या सेमिनारची. नळ, पंखा, रंग यांची आयुधं ज्याची त्याची. चोपन्न वर्षांचा माणूस, घर, गाडी, एक मुलगी शिकून नोकरीला लागलेली. आणि पाटावर ठेवायला हातचं काही सुचेना. आप्पाजी इथे नव्हते हे त्यातल्या त्यात बरं होतं.

अखेर ते घरी जाऊन पंचिंग मशीन घेऊन आले. लोखंडी, जड, नोकरीच्या पहिल्या महिन्यात चिकपेटेच्या बाजारात स्वतः निवडून घेतलेलं. चारशे कार्यपद्धतींच्या कागदांना त्यानं दोन-दोन भोकं पाडली होती. गंगव्वांनी ते हातात तोलून पाहिलं, दाबून पाहिलं, काय करतं म्हणून विचारलं. मग त्यांनी ते ड्रिलच्या शेजारी ठेवलं. दोघांचं काम एकच, म्हणाल्या. त्याला कुंकू लावलं, आणि पाना पदरानं पुसून बिंदुमाधवरावांच्या हाती दिला.

साखळी आवळली, खालून पाहता दिशा ठरवली, आणि फिल्टर आधी चेपला, मग कुरकुरला, मग सुटला. उरलंसुरलं तेल बिंदुमाधवरावांच्या कोपरापर्यंत आलं. नव्या फिल्टरच्या रबराला त्यांनी बोटानं तेल लावलं, तो हातानंच फिरवून बसवला, पाना धुऊन सात वाजता परत केला. पुढच्या पायऱ्यांसमोरही बरोबरच्या खुणा झाल्या. नवीन तेल ओतणं आणि गाडी चालू करून पाहणं या शेवटच्या दोन पायऱ्या तेवढ्या सकाळसाठी ठेवल्या. जेवताना त्यांनी दोनदा भात घेतला. आप्पाजी जेवून उठले. 'होय काय'ही म्हणाले नाहीत, आणि ही प्रगतीच होती.

सकाळी आठला बेसमेंटमध्ये तोरणं लागत होती. बिंदुमाधवरावांनी तेल ओतलं, गाडी चालू केली आणि उरलेल्या दोन खुणाही केल्या. इंजिन छान चालत होतं. मग आप्पाजींनी शांतपणे दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले. त्यांच्या पायांखालून तेलाचा ओहोळ ऋतुराजांच्या जागेकडे निघाला होता.

गाडी बंद झाली. गर्दी जमली. गुरुराजांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि देखभालीची परवानगी डागाला लागू नाही हे स्पष्ट केलं. नागराज म्हणाला, फिल्टरच डुप्लिकेट असणार. कोणी म्हणालं, इंजिन गेलं. कोणी म्हणालं, गाडी ढकलून लिंबांवरून नेली तरी देवाला चालतं. यावर मत घ्यायला एकजण गुरुजींना फोनही लावू लागला. कमलाबाई आरतीचं ताट घेऊन उतरल्या, त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि ताट शेजारच्या गाडीवर ठेवलं.

बिंदुमाधवरावांनी कागद काढला. चौदा पायऱ्या, चौदा खुणा. कागदात काही चुकलं नव्हतं. तेव्हा, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी कागद घडी घालून खिशात टाकला आणि वस्तूकडे पाहिलं. चेपलेला जुना फिल्टर कोपऱ्यात पडला होता. तो त्यांनी उचलून उलटा केला. रबराची चकती बसायची खाच गोल, स्वच्छ आणि रिकामी होती.

"मामा," ते म्हणाले, "याचं रबर?"

"वर असणार. इंजिनाला चिकटून."

म्हणजे जुन्या रबरावर त्यांनी नवं रबर बसवलं होतं आणि मधल्या फटीतून तेल पळालं होतं.

"तुम्हाला कालच दिसलं होतं?"

"दिसलं होतं की."

"मग बोलला नाहीत?"

"डेपोत नव्या माणसाचा पहिला फिल्टर गळू देतात," आप्पाजी म्हणाले. "परत जन्मात विसरत नाही. मलाही गळू दिला होता."

अपमान तर झाला होता. पण कुठल्या बाजूनं झाला ते बिंदुमाधवरावांना नीट ठरवता येईना. चोपन्नाव्या वर्षी त्यांना कोणी डेपोतला नवा माणूस म्हटलं होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या. नवा फिल्टर हातानं बसवलेला होता, तो हातानंच निघाला; पान्याचं कामच पडलं नाही. वर चाचपलं तर जुनं रबर होतं, चपटं, काळं. नखानं ओढल्यावर सुटून आलं. बोट फिरवून जागा पुसली, फिल्टर पुन्हा बसवला, रबर टेकल्यावर पाऊण फेरा आवळला. डब्यात उरलेलं तेल भरपाईला पुरलं.

प्रश्न डागाचा होता. तो गंगव्वांनी सोडवला. आधी त्यांनी तेलावर रांगोळीची पांढरी पूड जाड पसरली, तिनं तेल पिऊन टाकलं; ती भरून नेली आणि वर नवी रांगोळी घातली, आठ पाकळ्यांची, ऋतुराजांच्या चाकापर्यंत. गुरुराजांनी तिचाही फोटो काढला. आधीच्या फोटोखालीच टाकला आणि 'पूर्तता' असं लिहिलं.

पावणेअकराला गाडी चालू केली. आप्पाजी उठले. एक हात गुडघ्यावर, एक हात बंपरवर ठेवून खाली वाकले. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला वाकायला वेळ लागतो आणि तो वेळ सगळ्यांनी उभ्या उभ्या दिला. त्यांनी गाडीखालच्या फरशीवर तळवा टेकवला, बोटं नाकाशी नेली, मग दिव्याकडे धरून पाहिली.

"कोरडं आहे," ते म्हणाले.

अकराला गाडी लिंबांवरून गेली. चारही फुटली.

विजयादशमीला आप्पाजी परत निघाले. स्टेशनपर्यंतच्या सहा थांब्यांत त्यांनी शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थाला कानडीतून सांगितलं की हे आमचे जावई, गाडीचा फिल्टर स्वतः खोलून बसवतात. पीण्यात असतात, मशीनचं काम. तो गृहस्थ बिंदुमाधवरावांकडे आदरानं पाहत होता. बिंदुमाधवराव खिडकीतून बाहेर पाहत होते. नखांतलं काळं अजून गेलं नव्हतं आणि ते हात त्यांनी मांडीवर, दिसतील असे ठेवले होते.

स्टेशनला ते मेट्रोनं गेले. दसऱ्याच्या दिवशी मॅजेस्टिकला स्टेशनसमोर गाडी लावायला जागा मिळत नाही.